घोड्याचा कर्करोग मोजणार कोण?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणाऱ्या स्वदेशी लसीला जुलै २०२२ मध्ये मान्यता मिळाली, जानेवारी २०२३ मध्ये ती उपलब्ध झाली आणि तेव्हापासून ‘एचपीव्ही’ हे नाव विज्ञानाच्या बातम्या वाचणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचे झाले. याच पॅपिलोमा विषाणूंच्या कुळातील एक सदस्य घोड्यांमध्ये नराच्या जननेंद्रियाच्या कर्करोगाशी निगडित आहे, ही गोष्ट मात्र आपल्या राष्ट्रीय विज्ञानवार्तांमध्ये सहसा येत नाही. विषयाचे नाव ऐकून कुणाला हसू येईल, कुणाला संकोच वाटेल. या लेखात जे मांडायचे आहे त्यात या संकोचाचाही वाटा आहे, म्हणून तो आरंभीच नोंदवून ठेवतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे: अर्बुदाचे गुणधर्म आणि रुग्णाचे भवितव्य यांतील संबंध हे एक मोजमाप आहे. मोजमाप करण्यासाठी कुणीतरी पाहावे लागते, लिहून ठेवावे लागते आणि पुन्हा जाऊन पाहावे लागते. भारतात घोड्यांच्या बाबतीत हे राष्ट्रीय पातळीवर होत नाही. ते व्हायला हवे आणि त्यासाठी लागणारी यंत्रणा बऱ्याच अंशी आपल्याकडे आधीच आहे.

प्रथम रोगाविषयी. घोड्याच्या बाह्य जननेंद्रियावर आढळणाऱ्या अर्बुदांत सर्वाधिक प्रमाण ‘स्क्वेमस’ पेशींच्या, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या पेशींच्या, कर्करोगाचे असते. तो बहुधा शिश्नाच्या अग्रभागी किंवा आवरणाच्या आतल्या घडीवर सुरू होतो. रोगी घोडे साधारणपणे प्रौढ वा वृद्ध असतात आणि पाश्चात्त्य देशांतील नोंदींत खच्ची केलेल्या घोड्यांचे प्रमाण मोठे दिसते. खच्चीकरणाने रोग होतो, असा निष्कर्ष मात्र त्यावरून काढता येत नाही. त्या देशांत बहुतेक नर घोडे खच्ची केलेलेच असतात आणि ते दीर्घकाळ जगतात. म्हणजे ज्यांच्यात रोग शोधला गेला, त्यांतच ते अधिक होते. सहसंबंध आणि कारण यांतील भेद विद्यार्थ्यांना समजावून देण्यासाठी याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

कारणाचा शोधही बोधप्रद आहे. आवरणाखाली साचणारा शिश्नमल हाच कर्करोगकारक असावा, असे दीर्घकाळ मानले जात असे. १९४७ साली प्लॉट आणि कोन-स्पेयर या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रश्न माणसाच्या कर्करोगाचा होता आणि प्रयोग उंदरांवर केला होता. पण त्यासाठी वापरलेला मल घोड्याचा होता, कारण तो मोठ्या प्रमाणात मिळतो. या प्रयोगाचा दाखला पुढे कित्येक वर्षे दिला गेला, तरी त्याचा निष्कर्ष नंतरच्या चिकित्सेत टिकला नाही. अस्वच्छतेमुळे होणारा दीर्घकालीन दाह पूरक ठरू शकतो; पण चित्रातील मुख्य पात्र निराळे निघाले. २०१० च्या सुमारास युरोपातील संशोधकांना या अर्बुदांत ‘इक्वस कॅबॅलस पॅपिलोमा विषाणू – प्रकार २’ याचा डीएनए सापडू लागला. त्यानंतर निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत अशा कर्करोगांच्या बहुसंख्य नमुन्यांत तो आढळला. काही निरोगी घोड्यांतही तो आढळतो. माणसातही नेमके हेच चित्र आहे: एचपीव्हीचा संसर्ग पुष्कळांना होतो आणि कर्करोग त्यांतील थोड्यांनाच होतो. म्हणून विषाणू असला म्हणजे कर्करोग आहे, असे म्हणता येत नाही. विषाणूची ‘ई६’ आणि ‘ई७’ ही जनुके पेशीत प्रत्यक्ष कार्यरत आहेत का, हे पाहिल्यावरच तो तिथे केवळ पाहुणा आहे की घराचा ताबा घेऊन बसला आहे, ते कळते.

एक भीती येथेच दूर करावी. घोड्याच्या या विषाणूने माणसाला रोग होतो, असा कोणताही पुरावा नाही. पॅपिलोमा विषाणू आपल्या यजमान प्रजातीशी सहसा एकनिष्ठ असतात. यालाही अपवाद आहे आणि तोही घोड्यातच आहे: गुरांचा पॅपिलोमा विषाणू घोड्याच्या त्वचेत ‘सार्कॉइड’ नावाचे अर्बुद निर्माण करतो. निसर्गाचे नियम सांगताना ‘सहसा’ हा शब्द किती मोलाचा असतो, ते यावरून ध्यानी येईल.

आता अर्बुदाच्या गुणधर्मांकडे वळू. हा रोग एका रात्रीत उद्भवत नाही. आधी त्वचेवर फिकट, किंचित उंच चकती दिसते. मग चामखिळीसारखी वाढ होते. पुढे वरच्या थरातील पेशी बिघडतात, पण त्यांनी तळाचा पडदा ओलांडलेला नसतो. हा पडदा ओलांडला की त्याला आक्रमक कर्करोग म्हणतात. ही वाटचाल प्रत्येक घोड्यात पूर्ण होतेच असे नाही. परंतु जिथे होते, तिथे उपचाराच्या संधीची खिडकी बऱ्यापैकी मोठी असते.

आक्रमक झालेल्या अर्बुदाचे भवितव्य प्रामुख्याने चार गोष्टींवरून आजमावले जाते. पहिली, त्याचे रूप. काही अर्बुदे फुलकोबीसारखी बाहेर वाढतात, तर काही व्रणासारखी आत पोखरत जातात. दुसरी, खोली. शिश्नातील स्पंजासारख्या रक्तवाही ऊतकात अर्बुद शिरले असेल, तर ते पसरण्याची भीती वाढते. तिसरी, पेशींचे विभेदन. कर्करोगाच्या पेशी अजून मूळ त्वचेच्या पेशींसारख्या दिसतात का, त्या केराटिन तयार करतात का, की आपली ओळखच हरवून बसल्या आहेत, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून अर्बुदाची प्रत ठरवतात. प्रत जितकी वाईट, तितका रोग पसरण्याचा संभव अधिक. चौथी आणि बहुधा सर्वांत निर्णायक गोष्ट म्हणजे जांघेतील लसीका ग्रंथी. रोग सामान्यतः आधी तेथे पोहोचतो, मग पोटातील ग्रंथींकडे आणि क्वचित फुफ्फुसांकडे जातो. ग्रंथी हाताला मोठी लागली म्हणजे कर्करोग पोहोचलाच, असे मात्र नाही. व्रणात जंतुसंसर्ग झाला तरी ती सुजते. सुईने पेशी काढून तपासल्याखेरीज खात्री होत नाही.

उपचार याच क्रमाने बदलतात. लहान, वरवरच्या वाढीसाठी अतिशीत उपचार, लेझर, स्थानिक छेदन किंवा ‘५-फ्लुओरोयुरॅसिल’ हे मलम पुरेसे ठरू शकते. खोल गेलेल्या रोगात शिश्नाचा भाग कापून मूत्रमार्गाला नवे द्वार करून द्यावे लागते. त्याहीपुढे गेल्यास आवरण आणि ग्रंथींसह सर्वच काढण्याची अवघड शस्त्रक्रिया उरते. विषाणूविरुद्ध घोड्यांसाठी लस तयार करण्याचे प्रयोगशाळेतील प्रयत्न झाले आहेत. बाजारात अशी लस नाही. म्हणून सध्या आपल्या हाती असलेले सर्वांत प्रभावी साधन म्हणजे वेळेवर पडलेली नजर.

आता ‘पूर्वानुमान’ या शब्दाकडे येतो. पशुवैद्य घोड्याच्या मालकाला सांगतो, “वाचण्याची शक्यता चांगली आहे.” या वाक्यामागे काय असते? पूर्वी असेच अर्बुद झालेल्या घोड्यांचे पुढे काय झाले, याची कुणीतरी ठेवलेली नोंद. ती नोंद नसेल, तर ते वाक्य सदिच्छा ठरते.

मी पशुवैद्य नाही, भौतिकशास्त्राचा संशोधक आहे. त्यामुळे माझे लक्ष प्रथम मोजमापाच्या चुकांकडे जाते. या क्षेत्रात त्या मुबलक आहेत. नेदरलँड्समधील उट्रेख्टच्या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेले अभ्यास या विषयात पायाभूत मानले जातात. त्यांपैकी एकात शिश्न व आवरणाची अर्बुदे असलेले ११४ घोडे होते, तर दुसऱ्यात स्क्वेमस कर्करोगावर उपचार केलेले ७७. काम अत्यंत काटेकोर आहे. पण एवढेच घोडे प्रत, टप्पा आणि उपचार यांनुसार विभागले की एकेका गटात मूठभरच उरतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या गटात २० घोडे आहेत आणि त्यांपैकी ५ जणांत रोग परतला. आपण म्हणू २५ टक्के. परंतु संख्याशास्त्र सांगते, की खरे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांपासून ४७ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. त्याच प्रमाणात २०० पैकी ५० घोडे असते, तर ही मर्यादा सुमारे २० ते ३१ टक्के इतकी आवळली असती. अनिश्चितता निम्मी करायची तर नमुने चौपट लागतात. हा नियम कण मोजणाऱ्या भौतिकीतही लागू आहे आणि घोडे मोजणाऱ्या वैद्यकातही.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. माणसांच्या अभ्यासात रुग्ण मध्येच संपर्काबाहेर गेला, तर त्याची माहिती कशी हाताळावी, याची पद्धत कॅप्लान आणि मायर यांनी १९५८ साली दिली. जगण्याच्या शक्यतेचा पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारा आलेख आज प्रत्येक कर्करोग संशोधनात दिसतो, तो त्यांचाच. त्या पद्धतीमागे एक गृहीतक आहे: संपर्काबाहेर गेलेल्यांचे भवितव्य उरलेल्यांपेक्षा वेगळे नसावे. घोड्यांत हे गृहीतक वारंवार मोडते. श्रीमंत देशांत मालक शस्त्रक्रियेचा खर्च पाहून घोड्याला दयामरण देतो. मग तो मृत्यू कर्करोगाचा की खर्चाचा? आपल्याकडे राबणारे आजारी जनावर अनेकदा विकले जाते किंवा सोडून दिले जाते. ते नोंदीतूनच नाहीसे होते आणि नाहीसे होण्याचे कारण त्याचा आजारच असतो. म्हणजे ज्या संख्येला आपण जीवशास्त्र समजतो, तिच्यात अर्थशास्त्र मिसळलेले असते.

तिसरी अडचण लवकर निदानाची. रोग सहा महिने आधी सापडला, तर निदानानंतरचे आयुष्य कागदावर आपोआप सहा महिन्यांनी वाढते, मग घोडा एक दिवसही अधिक न जगो. हा भ्रम ओळखायचा तर अर्बुदाची अवस्था, प्रत आणि शेवटची तारीख, तिन्ही नोंदवाव्या लागतात.

या सर्व अडचणींवर उपाय एकच: अधिक नमुने आणि दीर्घ पाठपुरावा. परदेशी आकडे उसने घेऊन भागणार नाही. तिथले घोडे बव्हंशी हौसेचे आणि खेळाचे आहेत, त्यांच्या जाती वेगळ्या आहेत आणि त्यांना म्हातारे होण्याची मुभा असते. आपल्याकडे मारवाडी, काठियावाडी, झांस्कारी, स्पिती, मणिपुरी अशा जाती आहेत. वीटभट्टीवर राबणारी, डोंगरवाटांवर यात्रेकरूंना वाहणारी, लग्नाच्या वरातीत उभी राहणारी जनावरे आहेत. इतरत्र बसवलेला तराजू इथे पुन्हा तपासून घ्यावा लागतो.

तपासायला वेळही फार उरलेला नाही. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे व तट्टू मिळून सव्वासहा लाख होते. २०१९ च्या गणनेत ते सुमारे ३.४ लाखांवर आले. गाढवे आणि खेचरे धरली, तर एकूण संख्या ११.४ लाखांवरून ५.५ लाखांवर घसरली. ही गणना आपल्याला प्रजाती, जात आणि लिंग सांगते. कोणत्या रोगाने किती जनावरे गेली, ते तिच्या कक्षेत येत नाही. माणसांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८० च्या दशकाच्या आरंभी राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम सुरू केला. प्राण्यांसाठी त्या तोडीची सरकारी व्यवस्था आपल्याकडे नाही. वास्तविक बैलांच्या शिंगाचा कर्करोग आणि भटक्या कुत्र्यांतील संसर्गजन्य जननेंद्रिय अर्बुद यांमुळे भारत या शास्त्राची मोठी प्रयोगभूमी ठरू शकला असता.

“माणसांनाच उपचार मिळत नाहीत, घोड्यांचे काय घेऊन बसलात?” हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने आपल्या देशात वर्षाला सुमारे ८० हजार स्त्रिया मरण पावतात, असा २०२२ चा जागतिक अंदाज आहे. ते दुःख आधी आणि मोठे आहे. पण या आक्षेपाला दोन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर इतिहासाचे. विषाणूमुळे सस्तन प्राण्यात त्वचेच्या गाठी होतात, हे रिचर्ड शोप यांनी १९३३ साली रानसशांत दाखवले. माणसाच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगात पॅपिलोमा विषाणू सापडायला त्यानंतर पन्नास वर्षे गेली. हॅराल्ड त्सुर हाउझेन यांना त्या कामासाठी नोबेल मिळाले ते २००८ साली. पुरुषांच्या शिश्नाच्या कर्करोगांपैकी जवळपास निम्म्यांत एचपीव्ही आढळतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात २०१६ पासून विषाणुजन्य व विषाणुविरहित असे दोन वेगळे गट केले आहेत. हा कर्करोग माणसात तुलनेने दुर्मीळ असल्याने त्यावरील औषधे तपासणे कठीण जाते. घोड्यात तो नैसर्गिकरीत्या, त्याच कुळातील विषाणूमुळे, त्याच अवयवात आणि तशाच टप्प्यांनी होतो. प्रयोगशाळेतील उंदरात कृत्रिमरीत्या उभ्या केलेल्या रोगापेक्षा हे उदाहरण माणसाच्या अधिक जवळचे आहे.

दुसरे उत्तर संकोचाचे. शिश्नाचा कर्करोग झालेला पुरुष डॉक्टरकडे उशिरा येतो, कारण तो सांगायला लाजतो. घोडा लाजत नाही. त्याच्या वतीने आपण लाजतो. आवरणातून येणारी दुर्गंधी, रक्तमिश्रित स्राव, लघवीची धार वाकडी होणे, आवरणाची सूज ही लक्षणे रोज खरारा करणाऱ्या मोतद्दाराला सर्वांत आधी दिसू शकतात. पण तो भाग पाहायचा असतो, हे त्याला कुणी सांगितलेले नसते आणि सांगणाऱ्यालाही तो विषय अवघड वाटतो. परिणामी घोडा पशुवैद्यापर्यंत पोहोचतो तेव्हा मलमाची वेळ निघून गेलेली असते. एका घोड्यावर ज्या कुटुंबाची चूल पेटते, त्याच्यासाठी या उशिराची किंमत फार मोठी आहे.

नोंदणी म्हणजे नुसती कारकुनी, असे ज्यांना वाटते त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे उदाहरण पाहावे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तेथे १९८७ साली सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव गेले, लक्षणे समजावून सांगू लागले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की त्या भागातील स्त्रियांचा गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वीपेक्षा अलीकडच्या टप्प्यावर ओळखला जाऊ लागला होता. मोजायला गेलेल्या माणसांनी जे मोजायचे तेच बदलले. भौतिकशास्त्रात निरीक्षकाचा असा हस्तक्षेप दोष मानला जातो. इथे तो उपकारक ठरला.

तर मग करायचे काय? माझ्या मते तीन गोष्टी.

१. देशात घोड्यांच्या ‘ग्लँडर्स’ या जीवघेण्या रोगासाठी नियमित देखरेख चालते. पशुवैद्य रक्ताचे नमुने घेतात आणि हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र त्यांची तपासणी करते. रक्त घेण्यासाठी घोडा समोर उभा असतोच. नराच्या आवरणाची पाहणी आणि फॉर्मवरील चार रकाने एवढीच भर त्यात घालावी: गाठ आहे का, किती मोठी, कुठे, जांघेतील ग्रंथी लागते का.

२. पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या विकृतिशास्त्र विभागांत मेणाच्या ठोकळ्यांत जपलेले जुने नमुने पडून असतात. त्यांची एकसमान पद्धतीने प्रत ठरवून, विषाणूची तपासणी करून एक सामाईक सूची करावी. हे काम पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यातले आहे.

३. सैन्यदलाच्या रिमाउंट व पशुवैद्यकीय दलाकडे आणि मोठ्या अश्वपैदास केंद्रांकडे असलेल्या जनावरांचा आयुष्यभर पाठपुरावा करणे तुलनेने सोपे आहे. निदानापासून मृत्यूपर्यंतची आणि मृत्यूच्या खऱ्या कारणाची नोंद अशा ठिकाणीच प्रथम विश्वासार्ह होईल.

यात नवी इमारत नाही, महागडे यंत्र नाही. हवी आहे ती एक सामाईक नोंदपद्धती आणि ती वीस वर्षे चिकाटीने भरत राहण्याची शिस्त. आपल्या विज्ञानव्यवस्थेला उद्घाटने जमतात. वीस वर्षांचा रकाना भरणे तिला जड जाते. माझी खरी तक्रार त्याबद्दल आहे.

हे वाचणाऱ्यांत पशुवैद्यकाचे विद्यार्थी असतील, तर त्यांनी आपल्या विभागात अशा अर्बुदांच्या नोंदी कशा ठेवल्या जातात, रोग्याचा पाठपुरावा होतो की नाही, ते येथे अवश्य लिहावे. संख्याशास्त्र किंवा भौतिकशास्त्र शिकणाऱ्यांनी त्यांच्याशी बोलावे. त्यांच्याकडे नमुने आहेत, तुमच्याकडे मोजण्याची रीत. आणि ज्यांच्या घरी, पागेत वा ओळखीच्या टांगेवाल्याकडे घोडा आहे, त्यांनी पुढच्या वेळी नालबंद किंवा पशुवैद्य आला की आवरण धुऊन आतला भाग एकदा नीट पाहून घ्यायला सांगावे.